नसलेल्या खोलीकडे

१

उजाडायच्या जरा आधी मी उठतो. चहा करतो, अर्धा पितो, अर्धा कुठेतरी ठेवून विसरतो. मग काठी घ्यायची, बादली घ्यायची आणि किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. रात्री कासव वर येऊन गेलं का, ते बघायचं. एवढंच माझं काम. एकतीस वर्षं झाली.

कासवाचा माग वाचायला शाळा लागत नाही. मधे पोट घासत गेल्याची पट्टी, दोन्ही बाजूंना वल्हं मारल्यासारखे ओरखडे. एक माग पाण्यातून वर येणारा, एक पाण्यात परत जाणारा. दोन्ही जिथं मिळतात तिथं वाळू विस्कटलेली असते. तिथं काठी हलक्या हातानं टोचत जायची. जिथं काठी आपसूक आत जाते, तिथं घरटं. मग कोपरापर्यंत हात घालून अंडी काढायची, आणि आमच्या जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची. नाहीतर कुत्री उकरतात, किंवा भरतीचं पाणी शिरतं.

त्या पहाटे मला माग दिसला तो नेहमीसारखाच. पाण्यातून निघाला होता, ओल्या वाळूवरून कोरड्या वाळूवर आला होता. बऱ्यापैकी मोठी मादी असावी. मी त्याच्या बाजूबाजूनं चालत गेलो.

मग तो थांबला होता. थांबला आणि डावीकडे वळला होता, भिंतीचा कोपरा असतो तसा. सात-आठ पावलं सरळ गेला होता. मग उजवीकडे वळला होता, तसाच कोपऱ्यात. आणखी चार पावलं. परत उजवीकडे.

कासव असं वळत नाही. कासव वळतं ते बैलगाडी वळते तसं, हळूहळू, मोठा फेरा घेऊन. आणि इथं आजूबाजूला सगळी मोकळी वाळू. अडायला साधं लाकूडसुद्धा नव्हतं.

शेवटी वाळू विस्कटलेली नव्हती. माग नुसता संपला होता. परत जाणारा माग नव्हता.

मी स्वतःला म्हटलं, आली त्याच मागावरून उतरली असेल. वारा आहे, थोडं पुसलं गेलं असेल. डोळेही आता पूर्वीचे राहिले नाहीत.

वहीत लिहिलं, 'माग एक. घरटं नाही.'

२

दुपारी जेवण गेलं नाही. मी पुन्हा तिथं गेलो. माग अजून थोडा शाबूत होता. मी त्याच्यावरून चाललो, जसा तो वळला तसा मीही वळलो. तिसऱ्या वळणाला माझा उजवा हात आपोआप वर गेला. कडी काढायला.

मी तसाच उभा राहिलो.

तिथं आमची जुनी खोली होती. फळ्यांची, वर पत्रा. वीस वर्षांपूर्वी ती पाडली, कारण समुद्र जवळ यायला लागला होता. मला मागे दीडशे पावलांवर सिमेंटची खोली बांधून दिली, तिथं मी आता राहतो. जुन्या खोलीचं काहीच उरलेलं नाही. खांबसुद्धा मीच उपटले आणि खड्डे मीच बुजवले.

त्या खोलीचं दार समुद्राकडे नव्हतं. समुद्राकडे ठेवलं तर वाऱ्यानं सगळी वाळू आत यायची, म्हणून ते बाजूच्या भिंतीत होतं. पाण्याकडून आलेल्या माणसाला आधी भिंत लागायची. भिंतीच्या कडेनं डावीकडे जायचं, कोपरा वळायचा, चार पावलं चालायचं, मग दार.

रात्री जे कोणी वर आलं होतं, ते नसलेल्या भिंतीला वळसा घालून नसलेल्या दारातून आत गेलं होतं.

मी फावडं आणून कमरेपर्यंत खणलं. म्हटलं, एखादी फळी पुरलेली राहिली असेल, तिला अडून जनावर वळलं असेल. काही निघालं नाही. खाली नुसती ओली वाळू.

३

मॅडम दर महिन्याला येतात. कासवांचा अभ्यास करतात. माझी वही तपासतात, कुंपणातल्या वाळूचा गरमपणा मोजतात, आणि माझ्या हातचा चहा नावं ठेवत पितात. मला काका म्हणतात.

"काका, या चहात साखर आहे की साखरेत चहा?"

"तुम्ही बारीक झालात म्हणून घातली."

"मला चार माणसं जाड झालीस म्हणाली."

"त्यांनी नीट बघितलं नसेल."

त्या हसल्या. मग मी विचारलं, "मॅडम, कासवं परत त्याच जागी येतात म्हणता. त्यांना कळतं कसं?"

"इतक्या वर्षांनी आज विचारताय?"

"आज सुचलं."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "जमिनीला एक ओढ असते काका. होकायंत्राची सुई ज्या ओढीनं फिरते ना, ती. प्रत्येक जागी ती थोडी वेगळी असते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, वाळूवरून पाण्याकडे चालत जातं, तेव्हा त्या जागेची ओढ त्याच्या अंगात बसते, असं आम्ही धरून चाललोय. मग ते हजारो मैल हिंडतं. पंधरा, वीस, पंचवीस वर्षं. आणि मोठं झालं की त्याच ओढीनं परत येतं."

"नेमकं त्याच जागी?"

"त्याच किनाऱ्यावर. हातभर इकडेतिकडे नाही सांगता येत. त्यांच्याकडे काय पत्ता लिहिलेला असतो?"

"आणि पिल्लू एखाद्या खोलीत निघालं तर? खोलीच्या जमिनीतून?"

"खोलीत कशाला निघेल?"

मी वही उघडली आणि मिटली.

"निघालंच," त्या म्हणाल्या, "तर त्याला भिंती थोड्याच कळणार. त्याला जागा कळेल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, बरं वाटत नाही का?"

जाताना त्यांनी बंधाऱ्याचं सांगितलं. किनारा धुपतोय, म्हणून दगड टाकत आणायचं ठरलंय. पुढच्या सोमवारी काम आमच्या या टोकाला येईल. जिथं घरटं असेल तेवढी जागा पिल्लं निघेपर्यंत सोडतील, बाकी सगळी दगडाखाली जाईल.

"तुमची जुनी खोली होती ना, तिथपर्यंत," त्या म्हणाल्या.

४

चोवीस वर्षांपूर्वी एका वादळात आमचं कुंपण वाहून जायला आलं होतं. आत चार घरटी होती. मी आणि माझी बायको, दोघांनी बादल्यांतून अंडी खोलीत आणली. खोलीची जमीन वाळूचीच होती, वर चटया. तिनं चटया गुंडाळल्या आणि आम्ही भिंतीजवळ चार खड्डे केले. महिनाभर आम्ही त्या घरट्यांच्या कडेकडेनं चाललो, जेवलो, झोपलो. तिला हसू यायचं. म्हणायची, "माझ्या घरात पाहुणे अंड्यातून यायच्या आधीच जागा अडवून बसलेत."

आमची मुलगी चार वर्षांची होती. तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती सरळ कधी चालायची नाही, स्वतःभोवती फिरत फिरत चालायची. तिचं अंथरूण खिडकीखाली होतं. रोज झोपण्याआधी ती वाळूला कान लावून ऐकायची.

पिल्लं निघाली ती पहाटे. आधी एक, मग जमिनीला उकळी फुटल्यासारखी शेकड्यानं. बायको म्हणाली, "उचलू नका. आपल्या पायांनी जाऊ दे त्यांना." तिनं उंबऱ्यावर वाळूचा उतार करून दिला आणि दार उघडलं. पिल्लं दारातून बाहेर, कोपरा वळून, पाण्याकडे निघाली. भिंगरी त्यांच्यामागं निघाली. बायको आत राहिली, मागं अडकलेली पिल्लं मोकळी करत.

मी दाराशी बसून पिल्लं मोजत होतो. वहीत आकडा लिहायचा असतो. तीनशे बारा झाली तेव्हा मी मान वर केली.

चार दिवस होड्या फिरल्या.

बायकोनं मला त्या पहाटेबद्दल एकदाही विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तोवर नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोललो असतो.

५

दुसऱ्या पहाटे पुन्हा माग होता. तिसऱ्याही.

मी काठीनं वाळूवर जुन्या खोलीची रेघ मारून ठेवली होती. चार भिंती, दार, खिडकी, खाट, चूल. वेडेपणाच होता. पण माझं म्हणणं असं होतं, की जनावर असेल तर ते रेघ तुडवून जाईल, आणि माझ्या मनातलं निघून जाईल.

रेघ कुठंच तुडवलेली नव्हती. माग भिंतीच्या बाहेरून गेला होता, दारातून आत शिरला होता, खाटेला वळसा घालून खिडकीपर्यंत गेला होता.

मग मी दाराजवळ गुडघ्यांवर बसलो आणि नीट बघितलं.

त्या खोलीचा उंबरा उंच होता, वाळू अडवायला मुद्दाम केलेला. भिंगरीला तो ओलांडता यायचा नाही. ती त्याच्यावर पोटावर आडवी पडायची, एक पाय पलीकडे टाकायची आणि घसरत उतरायची. मागाची पट्टी दाराशी येऊन तुटली होती. वीतभर वाळू अगदी कोरी, वारा खेळून गेल्यासारखी. आणि वीतभर पुढं, आतल्या बाजूला, पट्टी पुन्हा सुरू झाली होती.

वीतभर हवेत उचललं जाईल असं कासवाचं पोट नसतं.

पलीकडे, जिथं माग पुन्हा सुरू होत होता, तिथं बाजूला एक ठसा होता. उतरताना टेकलेला. मी तो फार वेळ बघितला नाही. एवढंच सांगतो की वल्ह्याचा नव्हता.

मला खूप भीती वाटली, पण तिथं असताना नाही. खोलीवर परत येऊन चहा ठेवला, आणि हात जुन्या सवयीनं दोन कपांकडे गेला, तेव्हा.

६

रविवारी पहाटे खिडकीखालची वाळू विस्कटलेली होती.

कासव घरटं झाकतं ते मागच्या पायांनी वाळू फेकत, आणि मग अंगानं थापटून. ही वाळू थापटलेली होती, पण एकसारखी, मायेनं. पोराच्या अंगावर पांघरूण नीट करावं तशी. परत जाणारा माग आज पहिल्यांदाच होता. आला होता तसाच, दारातून, उंबरा सोडून, कोपरा वळून, पाण्यात.

मी काठी टेकवली. ती आत गेली.

हातांनी वाळू काढत गेलो. कोपरापर्यंत गेलो. अंडी हाताला लागतात ती लिंबाएवढी, एकावर एक, गार. मला ती लागली नाहीत.

एकच काहीतरी लागलं. मोठं. कातडीसारखं मऊ कवच, आणि गरम. मी त्याच्यावर तळवा ठेवला.

आतून कोणीतरी माझ्या तळव्याला ढकललं.

मला ते ओळखीचं होतं. भिंगरी पोटात असताना बायको माझा हात धरून पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "थांबा, आता मारेल लाथ." आणि मग असंच.

मी किती वेळ तसा होतो सांगता येणार नाही. ऊन पाठीवर चढलं तेव्हा हात बाहेर काढला. वाळू होती तशी लोटली, थापटली. नियम असा की घरटं तासाभरात कुंपणात हलवायचं. मी ते हलवलं नाही. वर झेंडी लावली, आणि तिथंच बसून राहिलो.

७

सोमवारी दगडांच्या गाड्या आल्या. बरोबर मुकादम. आडदांड माणूस, पण तोंडानं गोड.

"काय म्हातारबा, रात्री किती जणी बाळंत झाल्या?"

"एक."

"तिला म्हणावं, आता पुढच्या खेपेला दुसरं माहेर बघ. हा रस्ता बंद."

"इथं घरटं आहे. झेंडी लावलीय. ही जागा सोडायची."

"अहो, ते तुमच्या त्या जाळीत न्या की. नेहमी नेता."

"हे नेता येत नाही."

"का? अंडी सोन्याची आहेत?"

मी झेंडीशेजारी वाळूवर मांडी घालून बसलो. त्यानं जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं, आणि मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला.

"काका, घरटं का हलवलं नाही?"

"उशीर झाला होता. हलवलं असतं तर मेलं असतं."

"बरं. किती अंडी आहेत?"

"मोजली नाहीत."

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही आणि मोजली नाहीत?"

"नाही."

मग म्हणाल्या, "मुकादमांना द्या."

दगड झेंडीच्या दोन पावलं अलीकडे थांबले, आणि पलीकडून पुन्हा सुरू झाले. मधे एक फट राहिली, पन्नास दिवसांपुरती. मुकादम जाताना म्हणाला, "दाराएवढीच ठेवलीय हो. तुमच्या बाळंतिणीला पुरेल ना?"

पुरेल, मी म्हटलं.

८

पन्नास दिवस मी पहाटेची फेरी मारून तिथंच येऊन बसायचो. त्या दिवसांत माग आला नाही. मी घरट्याशी बोलायचो, पण जपून. त्याची आजी कशी होती ते सांगितलं. त्याची आई, भिंगरी, कशी चालायची ते सांगितलं. कधी वाटायचं की मी म्हातारा झालोय आणि वाळूशी बोलतोय. मग तळवा टेकवायचो.

शेवटच्या दिवशी, ऊन उतरता उतरता, झेंडीखालची वाळू खचली. बशीएवढा खळगा पडला. घरट्यातलं पिल्लू हलायला लागलं की वरची वाळू अशी खाली जाते. म्हणजे आता तासा-दोन तासांची गोष्ट.

इथं मला एक कबूल करायचंय.

पिल्लू बाहेर आलं की उजेडाकडे जातं. किनाऱ्यावर पाण्याची बाजू सगळ्यात उजळ असते, म्हणून ते पाण्याकडे जातं. मागं कोणी दिवा लावला तर ते फसतं आणि जमिनीकडे चालत येतं. म्हणून या दिवसांत मी सगळ्यांना दिवे घालवायला लावतो. भांडलोय लोकांशी त्यावरून. आणि त्या संध्याकाळी मीच माझ्या सिमेंटच्या खोलीचं दार सताड उघडलं, होता तेवढा मोठा बल्ब लावला, आणि पायरीवर येऊन बसलो. उजेडाचा पट्टा वाळूवरून थेट झेंडीपर्यंत गेला होता.

मला ते माझ्याकडे यायला हवं होतं. चोवीस वर्षांत मी समुद्राकडे काही मागितलं नव्हतं.

अजून पुरता काळोख पडला नव्हता. आवाज आला तो आधी वाळू सरकल्याचा. मग थोडा वेळ काही नाही. मग उजेडाच्या पट्ट्याच्या टोकाला वाळू हलली, आणि काहीतरी छोटं माझ्या दिशेनं यायला लागलं. सरळ येत नव्हतं. स्वतःभोवती फिरत फिरत येत होतं.

मी दोन्ही हात पुढं केले.

तेव्हा माझं लक्ष दगडांच्या फटीकडे गेलं. तिथून पाणी दिसत होतं, अजून जरा उजळ. त्या पाण्यात कमरेपर्यंत कोणीतरी उभं होतं. तोंड दिसत नव्हतं. हलत नव्हतं. नुसतं उभं राहून, छोटं ज्या बाजूला चाललं होतं त्या बाजूला बघत होतं. त्या उभं राहण्यात काय होतं ते मला कोणी सांगायला नको. त्या पहाटे मी मान वर केली, तेव्हा मीही पाण्याकडे बघत असाच उभा राहिलो होतो.

मी उठून बल्ब घालवला.

अंधारात वाळूचा आवाज थांबला. मला वाटतं, माझ्यापासून दहा पावलांवर. मी श्वास धरून राहिलो. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आणि लांब जायला लागला. फटीतून, ओल्या वाळूवर, आणि मग पाण्यात, जेमतेम ऐकू येईल एवढा.

मी पायरीवर बसलो. सगळं संपलं, आता उठून दार लावावं, असं मनात म्हणत होतो.

पाण्याकडे बघितलं तर मघाशी जे उभं होतं ते आता तिथं नव्हतं.

आणि मग जड, ओलं, काहीतरी घासत, वाळूवरून वर यायला लागलं. दगडांच्या फटीतून आलं. जुनी खोली होती तिथं ते थांबलं नाही. दिवा नव्हता, तरी ते सरळ माझ्या दिशेनं येत होतं, सावकाश, मधे मधे दम घेत. खारट, गार वास आला. तो आवाज पायरीच्या अगदी खाली येऊन थांबला.

मला मान वर करवली नाही.

मी पायरीवर थोडा सरकून बसलो आणि शेजारी जागा करून दिली.